भिंतीवरची सचोटी आणि 'गाडी निघाली'चा फोन

वाचकाचं पत्र

"माझा छपाई आणि बाइंडिंगचा छोटा व्यवसाय आहे, माझ्यासह अकरा जण. ऑफिसच्या भिंतीवर 'सचोटी, आदर, गुणवत्ता' असा फलक मीच हौसेने लावला आहे. गेल्या महिन्यात एका ग्राहकाचं काम मशीनवर चढलंही नव्हतं, तरी मी आमच्या सुपरवायझरला म्हटलं, 'त्यांना सांग, गाडी निघाली.' त्याच फलकाखाली उभं राहून तो फोनवर तसं बोलला. कागदाच्या पुरवठादाराचं बिल दोन महिने थकलंय आणि मी त्यांचा फोन उचलत नाही. रात्री अंथरुणावर पडलं की दिवसभरातलं सगळं डोक्यात फिरायला लागतं, झोप लागायला तास-दीड तास जातो. ध्यान करून पाहिलं, डायरी लिहून पाहिली. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही सुटलं. घरी मुलगी काही सांगत असते आणि माझे डोळे मोबाइलवर असतात. मला खरेपणाने जगायचंय आणि व्यवसायही टिकवायचाय. मूल्यं ठरवायची कशी आणि या धबडग्यात पाळायची कशी?"

उत्तर

प्रिय वाचक,

तुमचा सुपरवायझर फोन करताना कुठे उभा होता हे तुम्हाला एक महिन्यानंतरही आठवतंय. फलकाचा आणि फोनचा संबंध दुसऱ्या कुणी दाखवून दिलेला नाही, तो तुम्हालाच दिसला. मूल्यांचं काम अशाच एखाद्या टोचणाऱ्या प्रसंगापासून सुरू होतं, म्हणून तुम्ही अगदीच शून्यावर नाही आहात.

आधी एक गैरसमज दूर करू. तुमच्याकडे मूल्यं नाहीत असं नाही. तुमच्याकडे मूल्यांचे दोन संच आहेत, एक सांगायचा आणि एक वापरायचा. क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या अभ्यासकांनी १९७४ मध्ये हा फरक नीट मांडला: माणूस आपण कसं वागतो म्हणून सांगतो ते एक, आणि प्रत्यक्ष वागण्यातून दिसतं ते दुसरं, आणि बहुतेकांना या दोहोंतलं अंतर स्वतःला दिसत नाही. मोठमोठ्या कंपन्यांचंही हेच होतं. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या जाहीर मूल्यांत सचोटी आणि आदर हे दोन्ही शब्द होते. हिशेबातले घोटाळे उघडकीला येऊन ती डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा फलकावर आणखी चांगले शब्द शोधण्यात वेळ घालवू नका. वापरातला संच आधी कागदावर उतरवा.

गेल्या तीस दिवसांची झडती

सलग दीड तास काढा, ऑफिस बंद असेल अशा वेळी. समोर तीन गोष्टी ठेवा: गेल्या तीस दिवसांचं बँक स्टेटमेंट, कामांचं वेळापत्रक आणि मोबाइलमधले तुम्ही पाठवलेले मेसेज. आलेले मेसेज नकोत, पाठवलेलेच बघा. वागणं तिथे सापडतं.

त्यातून दहा-बारा प्रसंग निवडा. कुणाला पैसे वेळेवर दिले आणि कुणाला थांबवलं, कुणाचा फोन लगेच उचलला आणि कुणाचा वाजू दिला, कुठे अर्धं खरं सांगितलं, कुठे नुकसान सोसून शब्द पाळला. चांगले प्रसंगही हवेत. नुसत्या चुकांची यादी केली की अर्ध्या तासात हात थांबतो आणि कागद खणात जातो. प्रत्येक प्रसंगापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: मी काय जपलं आणि त्यासाठी काय सोडलं.

'गाडी निघाली'चंच घ्या. जपलं काय? ग्राहकाची ऑर्डर, असं चटकन लिहाल. जरा थांबून पुन्हा बघा. ऑर्डर त्या दिवशी जाणारच होती का, की ग्राहकाचा चढलेला आवाज ऐकायची पाच मिनिटं टाळायची होती? अनेकदा खोट्यामागे पैसा नसतो, एक अवघड संभाषण असतं. तुमच्या बाबतीत यातलं कुठलं, ते तुम्हीच ठरवा. पण पुरवठादाराचा फोन न उचलणं शेजारी लिहाल तेव्हा दोन्हींत सारखं काय आहे ते आपोआप दिसेल. सोडलं काय, याचं उत्तरही दुहेरी आहे. सत्य तर सोडलंच, शिवाय ते सुपरवायझरच्या तोंडून सोडलं. त्याच्याकडे पुढे वळते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रसंग लिहिण्याऐवजी स्वभाव लिहिणं. 'मी भित्री आहे', 'मला नाही म्हणता येत नाही' अशी वाक्यं यायला लागली की पेन थांबवा आणि तारीख, वेळ, माणूस, बोललेले शब्द यांवर परत या. स्वभावावर उद्या सकाळी काही करता येत नाही. मंगळवारी दुपारी तीनच्या फोनवर करता येतं.

नामं नकोत, वाक्यं हवीत

या झडतीतून तीन मूल्यं निवडा, फार तर चार. ग्राहक फोनवर ताटकळत असताना सात गोष्टी कुणाला आठवत नाहीत. अठराव्या शतकातल्या बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकी मुत्सद्द्याने तेरा गुणांची यादी केली होती, पण त्यालाही सगळे एकदम सांभाळणं जमणार नाही हे ठाऊक होतं. तो एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यायचा. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. छोट्या वहीत सात दिवसांचे रकाने आखून चुकेल तिथे ठिपका द्यायचा. त्याला सगळ्यात जड गेला तो 'व्यवस्थितपणा', प्रामाणिकपणा वगैरे नव्हे. यातून घेण्यासारखं हे, की कुठलं मूल्य अवघड जाईल हे आधी कळत नाही आणि एका वेळी एकच धरलं तर ते कळण्याची शक्यता वाढते.

प्रत्येक मूल्य एका वाक्यात लिहा. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कुठली परिस्थिती, मी नेमकं काय करीन आणि त्याची काय किंमत मोजायची माझी तयारी आहे. 'सचोटी' या शब्दाऐवजी असं काहीतरी: 'तारीख चुकणार हे कळल्यापासून चोवीस तासांच्या आत मी स्वतः ग्राहकाला फोन करते, पुढची ऑर्डर जाण्याचा धोका असला तरी.' 'आदर' ऐवजी: 'जे मी स्वतः बोलणार नाही ते माझ्या माणसाला बोलायला लावत नाही, मग तो फोन मलाच करावा लागला तरी.' शेवटचा 'तरी' गाळू नका. किंमत लिहिली नाही की वाक्य पुन्हा फलकासारखं होतं.

वाक्य झालं की ते उलटं करून बघा. 'आम्ही गुणवत्ता जपतो' याच्या उलट वागायचं असं कुणी शहाणा माणूस ठरवील का? नाही. म्हणजे त्या वाक्यात निवडच नाही. 'घाईचं काम आलं तरी प्रूफ दुसऱ्या व्यक्तीने वाचल्याशिवाय छपाईची प्लेट करत नाही' याच्या उलट वागणारे आणि त्यातून वेग साधणारे व्यावसायिक असतात, त्यांचंही चुकतं असं नाही. इथे तुम्ही एक बाजू घेतलीय. वाक्य असं हवं.

आणि मूल्यं एकमेकांशी भांडतील. ही तुमच्या निवडीतली खोट समजू नका. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये अनेक देशांतल्या माहितीवरून दहा मूलभूत मूल्यांची मांडणी केली. ती वर्तुळात आहे, कारण काही मूल्यं शेजारी-शेजारी नांदतात आणि काही समोरासमोर येतात. स्वतःचं यश आणि दुसऱ्याचं भलं, नव्याची ओढ आणि सुरक्षितता, अशा जोड्यांत ताण असतोच. म्हणून तीन वाक्यांना क्रम द्या. ग्राहकाला दिलेली तारीख आणि कामगाराची विश्रांती आमनेसामने आली तर कुठलं आधी? हे शांतपणी ठरवलं नाही, तर ऐन वेळी जो जास्त ओरडेल त्याच्या बाजूने निर्णय लागतो.

अंथरुणावर होतं ते चिंतन नव्हे

तुम्ही रात्री करता त्याला चिंतन म्हणू नका, ते घोळणं आहे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, दोन्हींत माणूस स्वतःबद्दलच विचार करत असतो. मानसशास्त्रात १९९९ पासून या दोन सवयी वेगळ्या मोजल्या जातात: एक कुतूहलातून येते, दुसरी भीतीतून आणि खंतीतून. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. तेच वाक्य तिसऱ्यांदा मनात आलं, 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द यायला लागले, आणि पंधरा मिनिटं झाली तरी उद्याच्या एकाही माणसाचं नाव किंवा वेळ पुढे आली नाही, की समजा घोळणं चालू आहे. शिवाय अंथरुणावर शरीर थकलेलं असतं, हाताशी करण्यासारखं काही नसतं, आणि काही दिवसांनी मेंदू अंथरुणाचा संबंध झोपेऐवजी जागण्याशी जोडायला लागतो.

म्हणून दिवसाचा आढावा ऑफिस सोडण्याआधी घ्यायचा. दहा मिनिटं, घड्याळ लावून, कागदाच्या वहीत. मोबाइलवर नको, कारण त्याच पडद्यावर ग्राहकाचा मेसेज येतो आणि दहा मिनिटं तिथेच संपतात. चार ओळी पुरतात:

पहिली ओळ, एक प्रसंग, कॅमेऱ्याने टिपला असता तसा. 'दुपारी ३.१० ला ग्राहकाचा फोन, मी "उद्या नक्की" म्हणाले, वेळापत्रक पाहिलं नव्हतं.' दुसरी, त्या क्षणी काय वाटलं त्याला एका शब्दाचं नाव: धास्ती, चीड, लाज, समाधान. तिसरी, तीन वाक्यांपैकी कुठलं पणाला लागलं आणि मी काय जपलं. चौथी, उद्या पहिली कृती काय, कोणाशी, किती वाजता.

एखाद्या दिवशी पहिल्या तीन लिहिल्या नाहीत तरी चालेल, पण चौथी ओळ रिकामी ठेवू नका, इतकी ती महत्त्वाची आहे. तिच्यामुळेच मन रात्री तो विषय सोडायला तयार होतं. 'मी असं का केलं' हा प्रश्न शक्यतो टाळा. 'का' विचारलं की मन वकिलासारखं कारणं पुरवतं आणि त्यातली बरीच नंतर रचलेली असतात. 'काय झालं', 'काय वाटलं', 'आता काय' हे प्रश्न जमिनीवर ठेवतात. एखाद्या प्रसंगाची लाज फारच दाटली तर तो स्वतःचं नाव घेऊन, 'ती' असा उल्लेख करून लिहा, जणू ओळखीच्या बाईबद्दल लिहिताय. ईथन क्रॉस हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा अभ्यास केला आहे: स्वतःपासून एवढं अंतर घेतलं तरी प्रसंग कमी तापलेला दिसतो आणि दुसऱ्याला देऊ तसा समंजस सल्ला स्वतःला देता येतो.

घड्याळ वाजलं की वाक्य अर्धं असलं तरी वही मिटायची. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेनेका हा तत्त्वज्ञ रोज रात्री दिवसाची अशीच तपासणी करायचा. काही लपवायचं नाही हा त्याचा नियम होता आणि शेवटी स्वतःला 'पुन्हा करू नकोस, आज माफ' अशा अर्थाचं बजावून तो थांबायचा. हे थांबणं आढाव्याचाच भाग आहे. न थांबणाऱ्या तपासणीची शिक्षा होते, आणि शिक्षा माणूस फार दिवस स्वतःहून भोगत नाही. तुमची डायरी तिसऱ्या आठवड्यात सुटली त्याचं एक कारण हे असू शकतं.

दुसरं कारण साधं आहे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत नव्याचं नऊ दिवसांचं कौतुक ओसरतं, नोंदी 'आज ठीक' अशा व्हायला लागतात, एखादा दिवस चुकतो, मग मागचे भरून काढायचं ओझं होतं. मागचं कधीच भरायचं नाही. चुकलेली पानं कोरी सोडा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून ठरलेले तीन दिवस करा. आणि दर सोमवारी तीनपैकी एक वाक्य निवडून तो आठवडा त्याच्याकडेच बघा, म्हणजे नोंदींना धार राहते.

रात्री तरीही विचार आलेच, तर उशाशी चिठ्ठी ठेवून एकच ओळ लिहा, 'उद्या साडेदहा, अमुक विषय', आणि वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा. झोपेचा त्रास आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, असा तीन महिने चालला असेल, किंवा दोन आठवडे बहुतेक वेळ मन खिन्न आणि कशातच रस नाही असं असेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. ध्यानाला बसल्यावर घबराट वाढत असेल तर ते थांबवणंही योग्यच आहे. शांत डोळे मिटून बसणं प्रत्येकाला मानवतं असं नाही.

घाईचा क्षण

आता पत्रातल्या खऱ्या गाठीकडे. तुमची तत्त्वं कुठे मोडतात? घाईत. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांवर एक छोटा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन बोलायचं होतं. काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली कथा हाच होता. वाटेत एक माणूस दारात वाकून, कण्हत, खोकत बसवलेला. भरपूर वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. बोलण्याचा विषय कुठला होता, याने लक्षणीय फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण तुमच्या फोनचं वर्णन तो चांगलं करतो: डोक्यात सचोटी असूनही घड्याळ जिंकलं.

म्हणून सजगतेचा सराव रोज चाळीस मिनिटं बसण्यापेक्षा दिवसातल्या दोन-तीन धोक्याच्या जागांवर खर्च करा. तुमच्या जागा पत्रातच आहेत: ग्राहकाने तारीख विचारण्याचा क्षण, पुरवठादाराचं नाव मोबाइलवर झळकण्याचा क्षण, आणि घराचं दार. प्रत्येक जागेसाठी 'असं झालं, की मी असं करीन' या साच्यातलं एक वाक्य आधी लिहून ठेवा. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अशा आगाऊ ठरावांवरचे निष्कर्ष एकत्र मांडले: नुसत्या 'मी आता नीट वागेन' या इराद्यापेक्षा, प्रसंग आणि कृती एकमेकींना जोडून ठेवलेला ठराव अधिक वेळा तडीला जातो.

तारखेसाठी: 'ग्राहकाने "कधी मिळेल?" विचारलं, की मी "वेळापत्रक बघून वीस मिनिटांत फोन करते" म्हणेन.' बस, एवढंच. फोन ठेवल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकलेले आहेत याकडे लक्ष द्या, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं चार वेळा. चाळीस सेकंद लागतात. मग वेळापत्रक उघडा. वीस मिनिटं उलटण्याआधी फोन झालाच पाहिजे, नाहीतर हे वाक्य म्हणजे टाळाटाळीचा नवा प्रकार ठरतो आणि ग्राहकाला तो आठवड्याभरात कळतो.

तारीख सांगायची तीही अंदाजाने नको. मागच्या दहा कामांची यादी काढा. प्रत्येकाला ठरवलेले दिवस आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस शेजारी लिहा. दहापैकी आठ कामं जितक्या दिवसांत पूर्ण झाली तो आकडा यापुढे सांगायचा. ठरवलेले सात आणि हा आकडा अकरा निघाला, तर तुम्ही बहुधा सवयीनेच चार दिवसांचं खोटं बोलताय आणि उरलेली खोटी बोलणी त्यातून जन्म घेताहेत. काही ग्राहक अकरा ऐकून दुसरीकडे जातील. वाक्यातला 'तरी' इथे वसूल होतो, त्यामुळे आधी हिशेब करून ठेवा की किती ऑर्डर गेल्या तर चालण्यासारखं आहे.

उशीर झालाच, तर सांगायचं कसं याचेही चार भाग आधी लिहून ठेवा: नवी तारीख, एका वाक्यात कारण, आज काय देता येईल, आणि त्यांची अडचण विचारणारा प्रश्न. 'तुमचं काम पाच तारखेला होणार नाही, नऊला होईल. कागद आम्ही उशिरा मागवला, चूक आमची. निम्म्या प्रती सहाला देता येतील. तुम्हाला पाचला नेमक्या किती लागतात?' त्यात 'मशीन', 'माणसं', 'बाजारात तुटवडा' अशी तीन कारणं घातलीत की चौथं वाक्य ऐकलं जात नाही. आणि राग शांत करायला नवी तारीख पुन्हा एक दिवस अलीकडची सांगायचा मोह होईल. दुसऱ्यांदा चुकलेली तारीख पहिलीपेक्षा फार महागात पडते. नऊ वाटत असेल तर दहा सांगा.

पुरवठादार

इथे स्पष्टच लिहिते. खात्यात पैसे नसतील तर श्वास मोजून बिल फिटत नाही. हा प्रश्न अर्धा मूल्यांचा आहे आणि अर्धा रोकडीचा, आणि दोन्हींचा गोंधळ केला की माणूस लाजेने फोन उचलायचं बंद करतो, तेवढंच होतं.

रोकडीसाठी पुढच्या तेरा आठवड्यांचा तक्ता करा: दर आठवड्याला येणारी रक्कम, जाणारी रक्कम, शिल्लक. येणी लिहिताना ग्राहकाने कबूल केलेली तारीख धरू नका, मागच्या वेळी प्रत्यक्ष ज्या दिवशी पैसे आले ते अंतर धरा. दर सोमवारी वीस मिनिटं देऊन तो पुढे सरकवा. तूट कुठल्या आठवड्यात येणार हे महिनाभर आधी दिसलं, की आगाऊ रक्कम मागता येते, निदान कागदाचा खर्च निघेल एवढी, किंवा एखादं काम पुढे ढकलता येतं.

मूल्याचा भाग त्यानंतर येतो, आणि तो क्रमाचा आहे: तुटीच्या आठवड्यात आधी कुणाला पैसे? सहसा जो जास्त तगादा लावतो त्याला मिळतात आणि जो गप्प असतो, ज्याला बहुधा सगळ्यात जास्त गरज असते, तो मागे पडतो. तुम्ही क्रम उलटा लावू शकता. पगार आणि कायद्याने देणं असलेलं सोडून, जिची अख्खी उलाढाल छोटी आहे त्या पार्टीला आधी.

आता त्यांना फोन. 'दोन महिने तुमचा फोन उचलला नाही, ते चुकलं. या शुक्रवारी चौथा हिस्सा देते, उरलेले दर पंधरा दिवसांनी तीन हप्त्यांत. हे तुम्हाला चालणार आहे का?' तक्त्यात जेवढं बसतं तेवढंच कबूल करायचं. ते चिडतील, कदाचित यापुढे रोखीने घ्या म्हणतील, आणि तसं म्हणायचा त्यांना हक्क आहे. बाजू मांडत बसू नका. हप्त्याच्या आदल्या दिवशी तुम्हीच मेसेज करा.

सुपरवायझर

सगळ्यात आधी करायचं ते हे, पण इतकं सांगून झाल्यावर लिहितेय, कारण नुसती माफी मागून उद्या त्याच जागी पुन्हा त्याला उभं केलंत तर ती आणखी लागेल. त्या दिवशी त्याला दोन गोष्टी कळल्या: फलक खरा नाही, आणि इथे नोकरी टिकवायची तर मालकीणबाईंच्या वतीने खोटं बोलावं लागतं. दुसरी जास्त घातक आहे. जो माणूस तुमच्या सांगण्यावरून ग्राहकाशी खोटं बोलतो, तो अडचणीत आला की तुमच्याशीही बोलेल, आणि मशीन बिघडल्याचं तुम्हाला तीन दिवस उशिरा कळेल.

त्याला एकटं बोलावून सांगा: 'त्या दिवशी मी तुम्हाला खोटं बोलायला लावलं. पुन्हा लावणार नाही. मी विसरले तर "हा फोन तुम्हीच करा" एवढंच म्हणा.' हे शेवटचं वाक्य त्याच्या हातात दिल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. तो पहिल्यांदा ते वापरील त्या दिवशी तुम्हाला राग येईल. फोन घ्या आणि करा, बाकी काही बोलू नका. तुमचा चेहरा बघून उरलेले नऊ जण ठरवतील की हे खरं की पुन्हा एक फलक.

मग आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं, सगळे उभ्याने. प्रश्न एकच: 'या आठवड्यात कुठे खरं सांगणं अवघड गेलं?' पहिलं उत्तर तुमचं, खरंखुरं, तपशिलासह. पहिले तीन-चार आठवडे दुसरं कुणी बोलणार नाही, तरी ताणू नका, पंधराऐवजी पाच मिनिटांत संपवा. पहिला कामगार तोंड उघडून 'मी प्रूफ न वाचताच पुढे दिलं' म्हणेल तेव्हा त्याचा पगार, पाळी, बोनस यांतल्या कशालाही त्यामुळे धक्का लागता कामा नये. आणि हेही तपासा की तुम्ही शाबासकी कशाला देता. 'वेळेत दिलं' यालाच दर वेळी वाहवा मिळत असेल तर 'वेळेत देता येणार नाही' हे सांगायला कुणी येणार नाही.

मुलगी

घरासाठी वेगळी मूल्यं लागत नाहीत. लागतं ते एक वाक्य आणि एक जागा. 'घरात पाऊल टाकलं, की मोबाइल दाराजवळच्या खणात, पंचेचाळीस मिनिटं.' खिशात नको, पालथा घालून टेबलावरही नको. दिसला की हात जातो. आत जाण्याआधी दाराबाहेर दोन मिनिटं थांबून तोच चार-सहाचा श्वास, आणि स्वतःला एक सूचना: आता तिचं ऐकायचंय. ऐकताना सल्ला तोंडाशी येईल, तो गिळून 'मग काय झालं?' विचारा. कामाचा खरंच तातडीचा फोन येणार असेल तर तो येणार आहे हे तिला आधी सांगा. तिला तुमच्या वहीबद्दल, मूल्यांबद्दल काही शिकवायला जाऊ नका, तक्ते तर मुळीच लावू नका. महिन्याभराने तिला विचारा, 'मी घाईत असले की कशी वागते?' आणि जे सांगेल ते शब्द न बदलता वहीत लिहा. हाच प्रश्न सुपरवायझरलाही विचारता येईल, पण त्याच्याकडून खरं उत्तर यायला जास्त वेळ लागेल.

दर तीन महिन्यांनी एक तास वही वाचायला ठेवा. तीनही वाक्यांपुढे मोजा: किती वेळा पणाला लागलं, किती वेळा पाळलं, पाळताना काय गेलं. ज्या वाक्यापायी तीन महिन्यांत काहीच गेलं नाही ते एकतर अजून कसोटीला लागलेलं नाही किंवा तुम्ही ते नकळत टाळताय. नोंदी वाचून कुठलं ते ठरवा आणि गरज पडली तर वाक्य बदला. बदलताना किंमत कमी करायला म्हणून बदलताय का, एवढं बघा.

फलकाचं काय करायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. तो आत्ता काढू नका, घाईने नवाही करून आणू नका. पहिल्या तीन महिन्यांची वही वाचून झाली, की दहाही जणांना एकत्र बोलावून त्यातली तुमची तीन वाक्यं वाचून दाखवा आणि भिंतीवर काय असावं ते त्यांना विचारा. त्याआधी उद्या सकाळी, मशीन सुरू होण्यापूर्वी, सुपरवायझरशी बोला. पुरवठादाराचा फोन त्यानंतर, अकराच्या आत.